धोंडीरामची जागा

मैंदर्गीच्या एसटीची वाट बघत बसप्पा बाकावर बसला होता. मागं दोघं गिरणीकामगार बोलत होते.

"धोंडीरामच्या पिंडाला कावळा शिवंना, तवा तूच बोललास, 'शनवारी प्यायला बसताना तुजी जागा रिकामी ठेवणार न्हाय.'"

"मग शिवला की लगेच!"

"म्हणून तर गेल्या शनवारी त्या परक्या माणसाला बसवलं. पयल्या घोटालाच त्यो धोंडीरामसारखा हसला. कलेजीवर लिंबू पिळू दिलं न्हाय. मला 'मान्या' म्हणाला."

"तुजं नाव त्याला कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाय. त्यो परत दिसला बी न्हाय."

"आज शनवार हाय, मानसिंग."

बसप्पाच्या खांद्यावर हात पडला.

"पाव्हणं, एकटंच हाय का? कलेजी खाता न्हवं?"

जन्मात दारूमटणाला तोंड न लावलेल्या बसप्पाला आपलाच आवाज ऐकू आला,

"चल की, मान्या. लिंबू तेवढं पिळू नगं."