थायरोग्लोब्युलिन आणि आमचे चार दिवस

...नाही हो, दुसरी बाई असती तर परवडलं असतं! निदान तिचं नाव तरी एका दमात घेता आलं असतं. थायरोग्लोब्युलिन! घ्या, म्हणून बघा. तुम्हाला सांगते, लग्नाला सत्तेचाळीस दिवस झाले, पण नवऱ्याच्या तोंडून माझं नाव आलं नसेल तितक्यांदा हे आलंय... जेवताना, दाढी करताना, एकदा तर झोपेत! मी काही बोलले नाही.

सासूबाई म्हणतात, "अगं, तो पहिल्यापासून असाच. शाळेत गोगलगायी बघत बसायचा, डबा तसाच परत. तू जरा धर त्याला." धरू कुठे? माणूस घरात नको? शनिवार-रविवार प्रयोगशाळेत, कारण ती मण्यांनी भरलेली काचेची उंच नळी त्याला तेवढे दोनच दिवस मिळते, बाकी आठवडा इतरांचा! म्हणून या रविवारी मीच गेले सोबत. त्या नळीतून थेंबथेंब गळणारं झेलायला खाली ठेवलेल्या परीक्षानळ्या बदलणारं यंत्र बिघडलेलं, त्याला कुणीतरी माणूस हवं होतं. मला वाटलेलं, बायको हवी असेल... असो. मी काही बोलले नाही.

तर तो हातात घड्याळ घेऊन उभा, मी खाली स्टुलावर. दर तीन मिनिटांनी तो म्हणणार, "बदल!" की मी परीक्षानळी सरकवायची. आणि मधल्या वेळात काय बोलला हो! सत्तेचाळीस दिवसांत मिळून बोलला नसेल इतकं. "हे बघ, गळ्यात थायरॉइड ग्रंथी असते ना, तिच्यात बारीक पिशव्या असतात, त्यात हे साठतं. आयोडीन येऊन याच्यावर बसतं. मग पेशी ते परत आत ओढतात, तोडतात, तेव्हा कुठे हार्मोन सुटतं. एवढं अगडबंब प्रथिन, आणि हार्मोन चिमूटभर! बदल!" महिना-दोन महिने पुरेल इतका साठा म्हणे गळ्यातच. मनात म्हटलं, माझ्याही आहे रे... मी काही बोलले नाही.

"आणि हे एवढं मोठं, की मण्यांच्या भोकांत शिरतच नाही, सरळ सगळ्यांच्या आधी बाहेर! लहान प्रथिनं भोकाभोकांत डोकावत मागून येतात. म्हणून ही आमची मोजपट्टी. हे कितव्या नळीत आलं ते कळलं, की बाकीच्यांची मापं काढता येतात. बदल! आणि गंमत ऐक, एखादा रेणू फार लहान असला ना, तर शरीर त्याची दखलच घेत नाही. मग तो याला चिकटवून टोचायचा. लगेच दखल घेतं! प्रतिपिंडं बिंडं तयार!" असं म्हणताना त्याचे डोळे काय चमकत होते... आणि मी, फार लहान रेणू, स्टुलावर.

तेवढ्यात तो म्हणाला, "तू काही म्हणत होतीस का सकाळी?"

आता तुम्हीच सांगा, सासूबाईंसमोर 'अहो' आणि एरवी 'अरे' असं ठरलेलं, पण एरवी अशी वेळच आलेली नाही! धीर करून म्हटलं, "अरे... आपण चार दिवस कुठेतरी जाऊ या? कुठेही. फक्त दोघंच."

आणि तो वळला. घड्याळाकडे नाही, नळीकडे नाही, माझ्याकडे! बघतच राहिला. "तुझ्या गालावर तीळ आहे?" म्हणाला. सत्तेचाळीस दिवसांनी! "जाऊ की. येत्या शुक्रवारीच निघू!"

तो बघतोय, मी बघतेय... आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसतंय, परीक्षानळी काठोकाठ आलीय. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. पण मग तो पुन्हा तिकडे वळला असता ना? मी काही बोलले नाही.

टप्... टप्... टेबलावरून थेट त्याच्या बुटावर.

"अगं, हेच ते! नेमकं हेच आलं होतं!" ओरडला नाही हो, ओरडला असता तर बरं झालं असतं. फडकं घेऊन गुडघ्यावर बसला, पुसत पुसत म्हणाला, "माप हुकलं. सगळं परत लावावं लागणार. येत्या शनिवारी." मग वर बघून, जरा थांबून, "आणि रविवारी. तू... येशील ना?"

हो म्हटलं. या वेळी नमुना खराब व्हायला नको म्हणून थंड खोलीत लावणार आहे, तिथे चोवीस तास चार अंश असतात. बॅगेत दोन स्वेटर भरलेत... मधुचंद्राला लोक थंड हवेच्या ठिकाणीच जातात ना?