पाहुण्यांच्या दिवशी तुंबलेली मोरी

शिकून परतूरला परत आले, तेव्हा मला वाटलं होतं, मोरी तुंबली की लोक अजूनही ठरावीक वस्तीतल्या कुणाला तरी घाणीत हात घालायला बोलावत असतील. त्यावर भांडायची माझी तयारीही होती. पण आमच्या घरात भलतंच पाहिलं.

चुलत बहिणीला बघायला पाहुणे येणार, नेमकी त्याच दुपारी मोरी तुंबली. आधी नुसती गुडगुड, मग पाणी उलटं वर, थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला.

काका ओरडले, "कुणाला तरी बोलवा जल्दी! पाहुणे स्टेशनावर उतरले!"

शाळेत शिकवणाऱ्या आमच्या काकू नवी साडी खोचून चेंबरपाशी बसल्यासुद्धा. "केस आपले, साबण आपला, चहाचा चोथा आपला. मंग हात दुसऱ्याचे कामून?"

"अगं, पाहुणे काय म्हणतील?"

"पाहू द्या की. पोरगी कोणत्या घरची हाय, ते बराबर कळंल."

बांबूची कामटी आत-बाहेर करत त्यांनी केसांचा हा एवढा गोळा ओढून काढला. पाणी भसकन गेलं, आणि दारात पाहुणे! मुलाची आई क्षणभर थबकली. मग पदर खोचत म्हणाली, "थांबा ताई, मी वरून पाणी ओतते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीला जाळी बसवली आणि काकांना सांगितलं, "दर रविवारी चेंबर आपण दोघांनी उघडायचं."