पॉलिश पेपर उलटा धरल्याबाबत

जबाब देणार: गाड्यांचा रंगारी, वय ४४ वर्षे, धंदा वाहने रंगवणे, राहणार गॅरेजांची गल्ली, सीट कव्हरच्या दुकानावरचा मजला.

मी आज गुरुवारी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, तपास करणाऱ्या मॅडमनी विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. खालचे सीट कव्हरचे दुकान माझ्या वहिनींचे आहे, त्याला लागून माझे रंगाचे दुकान. त्यांचे पती म्हणजे माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणत असे. तो तीन वर्षांपूर्वी वारला. रंगाचे काम मी त्याच्याच हाताखाली शिकलो. आमच्या समोर पंक्चरचे दुकान आहे. त्याचे मालक सगळ्या गल्लीच्या चाकांत हवा भरतात, म्हणून त्यांना हवाशेठ म्हणतात. माझी रंगाची गनही त्यांच्याच कॉम्प्रेसरवर चालते. आमच्यापैकी कोणाचे कोणाशी वैर नाही. मोटारसायकल शर्यतींचा मोसम सुरू झाला की थोडेफार असते, पण ते तेवढ्यापुरते.

हवाशेठ यांची तक्रार अशी आहे की वहिनींनी त्यांचा हवेचा पाइप तोटीसकट नेला. वहिनींचे म्हणणे असे की हवाशेठ यांच्यामुळे त्यांच्या मोटारसायकलच्या टाकीची वाट लागली. टाकी मी रंगवली. म्हणून मला बोलावले आहे.

आमच्या गल्लीत दरवर्षी मोसमाची पहिली शर्यत हवाशेठ यांच्या दुकानात मोठा टीव्ही लावून बघतात. ही पद्धत दादाने सुरू केली. त्या दिवशी लाल गाडीच्या सत्तावीस नंबरवाल्याचा एक चाहता आणि निळ्या गाडीच्या अठरा नंबरवाल्याचा एक चाहता आपापल्या गाडीची टाकी पैजेला लावतात. ज्याचा स्वार मागे राहील त्याची टाकी त्याच दिवशी दुसऱ्याच्या रंगात रंगवायची आणि मोसम संपेपर्यंत तशीच मिरवायची. पहिल्याच शर्यतीला का, असे मॅडमनी विचारले. पहिल्या शर्यतीला सगळ्यांनाच वाटते की यंदा आपले वर्ष आहे, म्हणून. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः हरलो होतो. तेव्हा माझी टाकी मीच खरवडून निळी केली. खरवडताना वहिनी शेजारी उभ्या राहून कुठे हात आखडता घेतोय का ते बघत होत्या.

दादा गेल्यापासून वहिनी शर्यत बघतात पण टाकी लावत नसत, आणि कोणी आग्रहही करत नसे. या रविवारी हवाशेठ आपली मोटारसायकल पुढे आणून म्हणाले, "लालवाल्यांपैकी कोण येतंय? वहिनींना सूट आहे हं." ते चांगल्या मनाने म्हणाले होते, हे मी शपथेवर सांगतो. पण वहिनींना सूट हा शब्द झोंबला. त्या म्हणाल्या, "सूट मागितली कुणी? माझी टाकी लावते." मी त्यांना बाजूला घेऊन विचार करा म्हणालो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पैज म्हणजे पैज. हरले तर खरा रंग लावायचा. माझा मुलाहिजा ठेवायचा नाही."

त्या टाकीबद्दल मॅडमनी विचारले, म्हणून सांगतो. ती दादाने रंगवलेली शेवटची टाकी. गडद लाल, आणि दोन्ही बाजूंना हाताने ओढलेली सोनेरी रेघ. दादा रेघ पट्टी न लावता ओढायचा, एका दमात, एका लांब केसांच्या ब्रशने. डाव्या बाजूची रेघ संपत आली तेव्हा त्याने ब्रश वहिनींच्या हातात दिला आणि म्हणाला, उरलेली तू ओढ. त्या नको नको म्हणत होत्या आणि हसत होत्या. त्यामुळे त्या बाजूची शेवटची चार बोटे रेघ वाकडी आहे. मी ती पुसून सरळ करून देतो म्हणालो, तर दादाने मला दुकानाबाहेर काढले. रेघ टिकावी म्हणून वरून पारदर्शक लॅकर मारायचे होते. ते राहून गेले, कारण पुढच्या आठवड्यात तो दवाखान्यात दाखल झाला. म्हणून ती रेघ आजही उघडीच आहे. थेंब सांडून ती पुसली जाऊ नये म्हणून पेट्रोल भरताना वहिनी पंपावरच्या माणसाला नळी धरू देत नाहीत, स्वतः धरतात.

शर्यत दोन वाजता सुरू झाली. दुकानात पस्तीसएक माणसे होती, निम्मी लाल, निम्मी निळी, बरीचशी टायरांवर बसलेली. डावे वळण आले की सगळी डावीकडे झुकत, उजवे आले की उजवीकडे, त्यात रंगाचा भेद नव्हता. हवाशेठ स्टुलावर उभे राहून अठरा नंबरला सल्ले देत होते, ब्रेक कधी लाव, कुठे लाव. वहिनी गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून दाराशी उभ्या होत्या.  बाराव्या फेरीला कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला आणि समालोचन ऐकू येईना, तेव्हा लाल आणि निळ्या दोघांनी मिळून हवाशेठना शिव्या दिल्या. त्या मी येथे सांगत नाही. शेवटच्या फेरीपर्यंत सत्तावीस पुढे होता. शेवटच्या वळणावर अठरा आतून घुसला आणि गाडीच्या निम्म्या लांबीने जिंकला. निळे नाचू लागले. एकजण टायरांच्या ढिगावरून पडला, पण नाचणे थांबवले नाही. वहिनी म्हणाल्या, "छान चालवली पोराने." मग त्यांनी मोटारसायकल माझ्या दारात आणून लावली, टाकी सोडवून दिली आणि दुकानात जाऊन मशीनवर बसल्या. शिवण्याचा आवाज मात्र येत नव्हता.

यानंतर मी जे केले ते आजपर्यंत कोणालाही सांगितलेले नाही, पत्नीलाही नाही. मॅडमनी खरे सांगा म्हटल्यावरून सांगतो.

टाकी रंगवण्याआधी जुना रंग पॉलिश पेपरने खरवडावा लागतो. मी दारात बसून, सगळ्यांच्या देखत, अर्धा तास टाकी घासली. पेपर मी उलटा धरला होता. म्हणजे खरखरीत बाजू माझ्या हाताला आणि कागदाची बाजू टाकीला. माझ्या बोटांची सालटी गेली, ती अजून दिसतात, मॅडमनी पाहिली आहेत. नंतर मी जो निळा मारला तो आमचा नेहमीचा रंग नव्हे. एक रबरासारखा रंग मिळतो, चार-पाच जाड हात मारले की वाळून त्याची साल होते आणि नंतर ती सोलून काढता येते. लोक चाकांच्या रिमला हौसेने मारतात. मोसम संपला की सोलून काढीन आणि मग वहिनींना सांगीन, असा माझा विचार होता. पैजेत लबाडी केली हे मला कबूल आहे. दादाच्या रेघेवर पॉलिश पेपर चालवणे माझ्याच्याने होणारे नव्हते.

साडेचार वाजता टाकी निळी होऊन गाडीवर बसली. फोटो निघाले. पाच वाजता टीव्हीवर अधिकृत निकाल आला. अठरा नंबरच्या पुढच्या चाकात हवा नियमापेक्षा कमी भरली होती, म्हणून त्याच्या वेळेत सोळा सेकंद वाढवले आणि सत्तावीस पहिला आला. दुकानात आधी कोणाला काही कळेना. मग लाल नाचू लागले आणि निळे त्यांना टीव्ही बिघडलाय असे समजावू लागले. हवाशेठ तर आपले हवा मोजायचे मीटर घेऊन टीव्हीपाशी गेले. "हवा कमी? काय बोलतात? इथून दिसतंय चाक," असे ते बराच वेळ म्हणत होते. ज्या माणसाने सगळा जन्म लोकांच्या चाकांत हवा भरली, त्याचा पठ्ठ्या हवेत मार खाऊन बसला, म्हणून निळेसुद्धा हसू लागले. मीही हसलो.

तेवढ्यात वहिनी आपल्या दुकानातून आल्या. आपण जिंकलो हे त्यांना एव्हाना कळले होते. त्या गाडीपाशी उभ्या राहिल्या आणि निळ्या टाकीवर डाव्या बाजूला, रेघ संपते तिथे, हात ठेवला.  मग त्या हवाशेठ यांच्या दुकानात गेल्या, पाइप काढून खांद्यावर टाकला आणि म्हणाल्या, "हवा किती लागते हे ज्यांना कळत नाही, त्यांनी ती भरू नये." कोणी अडवले नाही. नंतर त्या माझ्या दुकानात आल्या. दादाचा रेघेचा ब्रश त्याच्यामागे त्यांनी मला दिला होता, तो खिळ्याला टांगलेला असतो. तो काढून घेत त्या म्हणाल्या, "तुमच्या हातात ह्यांचा ब्रश दिला हीच माझी चूक झाली, भाऊजी." आणि निघून गेल्या.

तेव्हाच खरे का सांगितले नाही, असे मॅडमनी विचारले. याची दोन कारणे आहेत. एक, मला राग आला. राग आला की मी गप्प बसतो, ही आमच्या घरची खोड आहे, दादालाही होती. दुसरे कारण असे की, रेघ उघडी आहे. साल काढताना सोनेरी रंग तिला चिकटून येणार नाही याची मला खात्री नव्हती. एकदा वहिनींना सांगितले असते तर सोलून दाखवावे लागले असते. न सोलता निदान ती खाली आहे एवढे तरी मला माहीत होते. सोमवार, मंगळवार, बुधवार मी त्यांच्या दुकानावरून तीन-तीनदा गेलो. त्या मान वर करत नव्हत्या. तीन वर्षे मी रोज सकाळचा चहा त्यांच्याकडे पितो. या तीन दिवसांत प्यालो नाही.

दरम्यान गल्लीत हवा नाही. लोक गाड्या ढकलत नेतात. माझी गन बंद आहे. म्हणून काल हवाशेठ यांनी नाइलाजाने तक्रार दिली. माझी काही वस्तू चोरीला गेली काय, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. ब्रश ज्यांचा होता त्यांनी नेला.

एवढे सांगून झाल्यावर मॅडमनी जबाब थांबवून वहिनींना व हवाशेठना आत बोलावले आणि मला हेच पुन्हा त्यांच्यासमोर सांगायला लावले.  वहिनी उठून अंगणात गेल्या, जिथे पुरावा म्हणून मोटारसायकल आणून उभी केली आहे. आम्ही मागे गेलो. गाडी उन्हात होती, हे बरे झाले, कारण तापली की साल सुटते. मी उजवीकडून सुरुवात केली. ती बाजू स्वच्छ निघाली. डाव्या बाजूला मी हात लावला तेव्हा हवाशेठ यांनी डोळे मिटून घेतले. टंकलेखन करणारे साहेबही बाहेर आले होते. त्यांनी शर्यतीत तिसरा कोण आला असे विचारले, पण मॅडमनी त्यांना गप्प बसवले.

डावीकडची रेघ मधल्या भागात दोन बोटे इतकी सालीबरोबर निघून आली. तो भाग दादाच्या हातचा, सरळ होता. पुढे मी फार हळू ओढले. शेवटचा वाकडा भाग जसाच्या तसा राहिला आहे.

मी वहिनींना म्हणालो, "दोन बोटं गेली." त्यांनी टाकीवर वाकून पाहिले. मग त्यांनी पिशवीतून ब्रश काढून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "तेवढी तुम्ही ओढा, भाऊजी. वाकडी ओढलीत तरी चालेल. पण लॅकर मारून द्या."  मी मान हलवली.

हवाशेठ यांनी आपली तक्रार मागे घेत असल्याचे सांगितले. पाइप त्यांना ठाण्यातच परत मिळाला. अधिकृत निकालाप्रमाणे त्यांच्या मोटारसायकलची टाकी आता लाल होऊन मोसम संपेपर्यंत तशीच राहील, हे त्यांना मान्य आहे, मात्र मोसमाच्या शेवटी आपली टाकीही सोलून मिळेल काय, असे त्यांनी विचारले. त्यावर वहिनी मला म्हणाल्या की यांच्या वेळी पेपर सरळ धरा. ही सूचना मी पाळणार आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

हा जबाब टंकलेखन करणाऱ्या साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. बाहेर बाकावर बसलेल्या वहिनींनाही तो ऐकू गेला आणि त्यांनी तिथूनच सांगितले की वाकडी रेघ चार बोटे नव्हे, पाच बोटे आहे, आपण स्वतः ओढली आहे. मी अंगणात जाऊन मोजली. पाच भरली. वर 'चार' लिहिले आहे तिथे 'पाच' समजावे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो. सहीखाली सोनेरी डाग पडला आहे, तो सालीबरोबर निघालेल्या रेघेचा, माझ्या हाताला लागलेला आहे.