अध्यक्षपदाचा तुलनात्मक अभ्यास

सोसायटीचा अध्यक्ष व्हायला कोणी तयार नसतं, हे काय तुम्हाला सांगायला नको. यंदा आमच्या पाथर्डी फाट्याच्या बिल्डिंगमध्ये लोकांनी अहिरे सर आणि शेखभाई, दोघांची नावं परस्पर सुचवली. मला कुठून हुक्की आली कोण जाणे, मी भर मीटिंगमध्ये बोलायला उभा राहिलो.

“नुसते हात वर करू नका. दोघांचं आधीचं काम आणि पुढची धोरणं ऐकू, मग ठरवू.”

अहिरे सर लगेच उठले. “मी सेक्रेटरी असताना दिवाळीत बंद पडलेली लिफ्ट होळीला चालू झाली.”

“सर, ये तो कुछ भी नहीं,” शेखभाई म्हणाले. “माझ्या काळात टाकीत कबूतर मेलं होतं. आठवडाभर तेच पाणी प्यायलो आपण.”

“बरं, पार्किंगचं धोरण?” मी विचारलं.

“पाहुण्यांच्या गाड्या बंद!” सर म्हणाले.

“मी मेंबरांच्या पण बंद करणार!” शेखभाई ओरडले.

“अहो, मग निवडायचं कोणाला?”

दोघांनी एकदमच माझ्याकडे बोट दाखवलं.

“मला काडीचा अनुभव नाही हो!”

“म्हणजे रेकॉर्ड एकदम साफ!” शेखभाई म्हणाले.

सगळ्यांचे हात वर गेले. सगळ्यात आधी आमच्या बायकोचा.