घोडीवर बसणार कोण

पुरवणी जबाब, दि. 26/08/2025, सकाळी 11.20 वाजता

नाव घनश्याम उत्तमराव भोयर, वय 43 वर्षे, धंदा शेती, राहणार फुलसावंगी, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील ठिकाणी राहत असून मला अकरा एकर शेती आहे. त्यात कापूस, सोयाबीन आणि तूर असते. घरी मी, माझी पत्नी बेबीताई आणि मुलगी सुरभी, वय 14, असे तिघे राहत होतो. सुरभी नवव्या वर्गात होती. आज मला कोणी बोलावलेले नाही, मी माझ्या मनाने आलो आहे.

दि. 23 रोजी याच ठाण्यात माझ्या नावाने तक्रार नोंदवली गेली. भावसिंग राठोड, वय 68, यांनी आपल्या घोडीची खोड लपवून ती मला विकली आणि त्यामुळे माझी मुलगी मयत झाली, असे त्यात लिहिले आहे. मजकूर माझा साळा अनिकेत याने सांगितला. तो लोहारा येथे कारखान्यात नोकरीला आहे. सही माझी आहे. दुःखात होतो, काय लिहिले ते कळले नाही, असे मी म्हणणार नाही. मला सगळे कळत होते. ती तक्रार खोटी आहे.

खरी हकीकत अशी की, गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवासाठी भावसिंग यांची मैना नावाची घोडी आली होती. पांढरी, कपाळावर भुरा ठिपका. सुरभीने तिला दोन दिवस गूळ चारला. त्यानंतर वर्षभर तिने एकच धोशा लावला होता. मी तिला रागावलो, गाय घेऊन देतो म्हणालो, सायकल घेऊन दिली. ती सायकलला मैना म्हणू लागली. एकुलती एक मुलगी, तेव्हा मी किती दिवस नाही म्हणणार?

या मे महिन्यात कळले की भावसिंग यांचे गुडघे गेल्यामुळे ते वरातीचे काम सोडून घोडी विकणार आहेत. त्यांचा मुलगा खेमसिंग माझ्या ओळखीचा आहे. त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, पाहाले या, पन म्हातारा लेकराइसाठी देत नाही. दोन गिऱ्हाइकं वापस पाठोले त्यानं."

दि. 01/06/2025 रोजी सकाळी 9 वाजता मी व सुरभी गाडीने त्यांच्या तांड्यावर गेलो. मी तिला गाडीतच बसायला सांगितले होते. मला जनावरांतले कळते. बैल घ्यायचा तर गावातले लोक मला सोबत नेतात, आणि मी पास केलेली जोडी आजवर कोणाची वाया गेली नाही. त्या दिवशी मी घोडीचे दात पाहिले, चारही खूर उचलून पाहिले, अंगावरचे भोवरे मोजले, तिला चालवून आणि पळवून पाहिली, श्वास ऐकला. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मी फार खूश होतो आणि चेहऱ्यावर ते दिसू देत नव्हतो.

भावसिंग यांनी भाव सांगितला नाही. आधी त्यांनी विचारले, "बसनार कोन हिच्यावर?"

बैलबाजारात जनावर कशासाठी पाहिजे हे विकणाऱ्याला कधी सांगायचे नसते आणि विकणाऱ्याचे बोलणे मनावर घ्यायचे नसते. जनावराकडे पाहायचे, मालकाकडे नाही, असे मीच इतरांना शिकवत आलो आहे. त्या सवयीने तोंडातून गेले, असे मी दोन दिवस स्वतःला समजावून पाहिले. तसे नाही. खेमसिंगचे बोलणे माझ्या ध्यानात होते. मी जाणूनबुजून म्हणालो, "मीच बसनार. वावरात जायले पाह्यजे मले."

त्यावर भावसिंग यांनी मला जे सांगितले ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण मला ते विसरता येत नाही. "ऐका भाऊ. डफडं वाजलं का हे नाचते. नाचता नाचता वरच्यानं दोनी पाय पोटाले आवळले का मांगच्या पायावर उभी होते. मीच शिकोलं तिले. नवरदेव बसते तवा लगाम माह्या हातात असते, मनून चालते. भेलं मानूस पाय आवळतेच. यंदाचा पोळा हिले दाखवू नोका. एक वरीस वाजंत्रीपासून दूर ठेवा, मंग इसरंन."

इतके बोलून झाल्यावर त्यांनी मला परत विचारले, "तुमीच बसनार ना?" मी हो म्हणालो. तोपर्यंत सुरभी गाडीतून उतरून माझ्या मागे आली होती. भावसिंग तिच्याकडे पाहून म्हणाले, "हे छोरी?" मी म्हणालो, "ते काय, पाहाले आली." घरी येताना सुरभीने विचारले, "बाबा, तुमी त्याइले खोटं काहून सांगतलं?" मी म्हणालो, "तुले घोडी पाह्यजे का नाही?" त्यावर ती हसली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

सौदा झाला आणि घोडी घरी आली, पण डफड्याबद्दल भावसिंग जे बोलले ते मी घरात कोणालाही सांगितले नाही. सुरभीने ते बोलणे ऐकले नव्हते, ती नंतर आली होती. पत्नीला सांगितले असते तर तिने घोडी त्याच दिवशी परत करायला लावली असती. जून आणि जुलैमध्ये सुरभी रोज शाळेतून आल्यावर वावराच्या धुऱ्याने, बांधाबांधाने, घोडी चालवायची. एकदाही पडली नाही. बेबीताई सुरुवातीला ओरडायची, नंतर तीच कपाशीत निंदण करता करता उभी राहून पाहायची. ते दिवस आमच्या घरात फार चांगले गेले, हेही लिहावे.

दि. 22/08/2025 रोजी पोळा होता. माझी बैलजोडी माझ्या भावाने तोरणाखाली नेली. सुरभीला घोडी घेऊन यायची होती. भावसिंग यांचे बोलणे मला आठवले नाही असे झाले नाही. मी डफडेवाल्यांना जाऊन सांगितले की आमची घोडी जाईपर्यंत जरा थांबा. ते थांबले. संध्याकाळी 5 च्या सुमारास सुरभी घोडीवर बसून आली, तेव्हा सगळा पोळा बैल सोडून तिच्याकडे पाहू लागला. कोणीतरी ओरडले, "घनश्यामभाऊ, वरातीची घोडी हाय, नाचवा ना!" डफडेवाल्याने माझ्याकडे पाहिले. सुरभीनेही माझ्याकडे पाहिले. चार लोकांसमोर माझी छाती फुगली होती. मी म्हणालो, "वाजवा."

मैना फार सुंदर नाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पाच-सहा पावलांवर होतो. लगाम माझ्या हातात नव्हता, हातात मोबाईल होता. सुरभी आधी हसत होती. मग घोडीचा वेग वाढला तशी ती घाबरली, "बाबा" म्हणाली आणि तिने दोन्ही पाय आवळून धरले. घोडी उभी झाली. सुरभी मागच्या बाजूने सिमेंट रोडच्या काठावर डोक्यावर पडली. घोडी लगेच खाली आली आणि जागच्या जागी उभी राहिली. लोक तिला काठ्या मारत होते तरी हलली नाही. महागावला दवाखान्यात दाखवून यवतमाळला नेताना आर्णीच्या अलीकडे सुरभी मयत झाली. तिचे डोके माझ्या मांडीवर होते.

तो व्हिडिओ मी आज मोबाईलसह हजर करीत आहे. अडतीस सेकंदांचा आहे. त्यात "वाजवा" हा आवाज माझा आहे. मी तो पूर्ण पाहिलेला नाही आणि मला दाखवू नये.

काल दुपारी खेमसिंग माझ्या घरी आला. तो दारातच उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, आमच्या म्हाताऱ्यानं पोलिसाइले सांगतलं का मी घोडीबद्दल काहीच बोललो नोतो, चूक माहीच हाय. मले मालूम हाय त्यानं सांगतलं होतं, मी तथीच होतो. मी भांडलो त्याच्यासंग. त मले मन्ते, पोट्टी गेली त्या मानसाची, आता त्याले आनखी कायले मारू? भाऊ, जेलात गेला त वाचत नाही तो." मी त्याला पाणीसुद्धा विचारले नाही. तो गेल्यावर मी गोठ्यात जाऊन बसलो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तरी माझी भावसिंग राठोड यांच्याविरुद्ध काही एक तक्रार नाही. त्यांनी विचारायचे ते दोनदा विचारले आणि सांगायचे ते सर्व सांगितले. घोडीविरुद्धही माझी तक्रार नाही, तिला जे शिकवले होते तेच तिने केले. अनिकेतचा दोष नाही, मी त्याला जेवढे सांगितले तेवढेच त्याने लिहायला लावले. कायद्याने माझ्यावर जे होईल ते मला मान्य आहे.

हा जबाब जमादार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे, कोणी दबाव टाकलेला नाही. माझी पत्नी बेबीताई बाहेर बाकड्यावर बसली आहे. मी तक्रारीच्या कामाने आलो इतकेच तिला माहीत आहे. हाच जबाब साहेबांनी तिला आत बोलावून एकदा मोठ्याने वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे. माझ्या तोंडून तिच्यासमोर निघणार नाही. वाचताना मी इथेच, तिच्या बाजूला बसून राहीन.

सही
घनश्याम उत्तमराव भोयर