दुसरा डबा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील अधिकारीवर्ग, आज निवृत्त होत असलेले आपले सत्कारमूर्ती चुडामणभाऊ, प्रमिलावहिनी, आणि दीपनगर कॉलनीतील माझ्या बंधू-भगिनींनो,

सत्कारमूर्ती मघापासून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत आहेत. भाषणं लांबली, मान्य आहे. पण भाऊ कंटाळलेले नाहीत. ते का पाहतात, हे मला ठाऊक आहे. सांगावं की नाही, हे कालपासून ठरत नव्हतं.

मी जितेंद्र. वीजकेंद्रात भाऊंच्याच पाळीत त्यांच्या हाताखाली शिकलो. त्यांच्या कामाबद्दल साहेब बोललेच. मी त्यांच्या जेवणाबद्दल बोलतो. हसू नका.

भाऊंची लेक रत्ना समोर बसली आहे. लहानपणी ती पप्पांशिवाय घास घेत नसे. आपण सगळे कौतुक करायचो, "बापाची लेक!" पण बापाची पाळी दर आठवड्याला बदलायची, तसं पोरीचं जेवणही सरकायचं. कधी दुपार उलटून गेल्यावर, कधी पेंगत पेंगत. मधल्या वेळात चहा-बिस्किट, मूठभर शेव. ताट समोर आलं की भूक मेलेली. दोन वर्षांपूर्वीचा फ्रॉक तिला तसाच बसायचा, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. एकदा शाळेत प्रार्थनेला उभी असताना ती कोसळली.

डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि विचारलं, "ही जेवते किती वाजता?" भाऊ आपल्या पाळ्यांच्या वेळा सांगू लागले.

वहिनींनी समजावलं, रागावून पाहिलं. पोरगी दारात बसून राहायची. शेवटी भाऊ खोटं बोलले. "बेटा, आता कँटीनले जेवण मिळते. मी तिकडेच जेवतो. तू येळेवर जेवत जा."

कँटीनला तेव्हा चहा आणि वडे सोडून काय मिळायचं, ते आपण जाणतोच. मग वहिनी डबा गुपचूप माझ्या घरी द्यायच्या. माझ्या पिशवीत दोन डबे. गेटवरचे पहारेकरी नथ्थूभाऊ रोज विचारायचे, "काय रे, बायका दोन केल्या का?"

रत्ना वेळेवर जेवू लागली. तिचं वजन वाढलं, सारखा येणारा ताप थांबला. केवळ वेळेमुळे, असं मी म्हणणार नाही. जंताचं औषध होतं, रोजची डाळ, अंडं होतं. पण वेळ नसती, तर ते पोटात कधी गेलं असतं?

एकदा मी त्यांच्या घरी असताना तिने विचारलं, "पप्पा, तुमाले आईच्या हातचं गोड नई लागत का?" भाऊ म्हणाले, "कँटीनचं लय भारी राहते." त्यानंतर तिने त्यांचं ताट मांडणं बंद केलं. सुट्टीच्या दिवशीही आधी जेवून म्हणायची, "तुमचं झाकून ठेवलंय." आणि इकडे कामावर तिच्या आईच्याच हातची भाजी ते माझ्यासोबत गार खायचे. मी म्हणालो, सांगून टाका. म्हणाले, "नको जितू. समजलं तर पोरगी पुन्हा थांबेन."

उद्यापासून भाऊंना पाळी नाही. पण रत्ना आता धुळ्याला नर्सिंगच्या वसतिगृहात असते. परवा ते म्हणाले, "आता मी येळेवर घरी राहीन. पण ती नई ना."

रत्ना, तुझी जेवायची वेळ केव्हाच टळून गेली. पप्पा घड्याळ त्यासाठी पाहत आहेत. तुझी चारची एसटी आहे, हेही त्यांना माहीत आहे. मागच्या दालनात भरीत-पुरी तयार आहे. आज पहिल्या पंगतीत त्यांच्या शेजारी बस. आणि त्यांचं ताट तू मांड.

सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-अधिक झालं असेल तर सभागृहाने पदरात घ्यावं. भाऊ, तुमचा शब्द मोडला, त्याची माफी मात्र मी तुमच्याकडेच मागतो. मला आता तो दुसरा डबा उचलवत नाही.