चहा, बिस्किटं आणि दोन डाव्या बाह्या

(दवाखान्याच्या पायऱ्यांवर. मुलीच्या हातात रक्त तपासल्याचा कागद.)

बाबा : पुन्हा वाच.

मुलगी : चौथ्यांदा? बी-ट्वेल्व पार तळाला गेलंय. बाकी सगळं ठणठणीत.

बाबा : म्हणजे तो विसरण्याचा आजार नाही.

मुलगी : नाही हो. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? मेंदूला खुराकच मिळत नव्हता. इंजेक्शनं घेतलीत, नीट जेवलात, की बरंचसं परत येईल.

बाबा : कापड विरलेलं नाही. नुसती शिवण उसवलीय.

मुलगी : अगदी.

बाबा : आणि मी धसका घेऊन दुकानाच्या किल्ल्या तुझ्या हवाली केल्या. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला शिंपी कोटाला दोन डाव्या बाह्या लावतो म्हटल्यावर काय करणार?

मुलगी : बाबा, नको ना. गिऱ्हाईक काय म्हणालं होतं?

बाबा : त्याआधी मीच म्हटलं, नवीन फॅशन आहे.

मुलगी : पटलं त्याला?

बाबा : आरशासमोर दोनदा फिरला बिचारा. हात पाठीमागे ओढला जात होता, तरी म्हणतो, ऐटबाज दिसतं.

मुलगी : थांबा, पोट दुखायला लागलं. लोक बघताहेत.

बाबा : बघू देत. कितीतरी दिवसांनी हसतोय.

मुलगी : आता खरं सांगा. आई गेल्यापासून जेवत काय होतात?

बाबा : चहा.

मुलगी : आणि?

बाबा : बिस्किटं. बुडवून. पचायला हलकी.

मुलगी : दीड वर्ष? फोनवर तर रोज, ‘भरपेट जेवलो’.

बाबा : एकट्यासाठी गॅस पेटवायला हात होत नव्हता गं.

मुलगी : आता दूध, दही, अंडी, सगळं लिहून दिलंय.

बाबा : अंडी उकडता येतात मला.

मुलगी : मागच्या महिन्यात पातेल्याचा कोळसा केलात.

बाबा : तो बी-ट्वेल्वनं केला. कागद आहे आपल्याकडे.

मुलगी : हे आता जन्मभर ऐकायचं का? रुमाल द्या, हसून डोळे भरलेत. रुमालात ही कसली चिठ्ठी?

बाबा : राहू दे ती.

मुलगी : माझं नाव आहे. खाली, ‘मुलगी. धाकटी. ओरडते, पण मायाळू आहे.’

बाबा : वाटलं, एक दिवस तू दारात येशील आणि मी विचारेन, कोण हवंय?

मुलगी : बाबा.

बाबा : फाडून टाक आता.

मुलगी : मुळीच नाही. चला, आधी जेवू. काय खाल?

बाबा : तू देशील ते. फक्त समोर बस.